ओम्नीचं ऑइल सील परत परत गळतंय? चौथ्यांदा बदलण्याआधी हे बघा

आमची ओम्नी २००४ची, जीए-०५ पासिंग, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याचीच. सकाळी शाळेची पोरं आणि संध्याकाळी केटरिंगची भांडी, असा तिचा संसार. गावात बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बस, आल्यापासून पोरांची भाडी कमी झाली म्हणून भांडी वाढवली, असो. मुद्दा हा की चौदा महिन्यांत पुढचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी रिंग, तीनदा बदललं, टायमिंग बेल्ट दोनदा, दर वेळी मजुरी वेगळी, आणि तिसऱ्या वेळेनंतर सव्वा महिन्यात एका सकाळी बघतो तर बायकोने नुकत्याच घातलेल्या सड्यावर, बरोब्बर मधोमध, काळा डाग. ती काही बोलली नाही. न बोलण्याचाच त्रास जास्त.

ज्यांच्याकडे अजून जुन्या व्हॅन आहेत त्यांना हा प्रकार नवा नसणार. मारुतीची व्हॅन १९८४ला आली, ओम्नी २०१९ला बंद झाली, म्हणजे आता रस्त्यावर जी आहे ती जुनीच. शेवटच्या वर्षातली घेतली असली तरी रबर म्हातारं व्हायला लागलेलं असणार. इंजिन तेच आपलं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, मारुती ८००मध्ये होतं ते, वर एक कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा शाफ्ट, आणि तो क्रँकवरून फिरवायला रबरी दात असलेला बेल्ट, तोच टायमिंग बेल्ट. या इंजिनात तेल अडवणारी मुख्य सील तीन. कॅमच्या पुलीमागे एक, क्रँकच्या पुलीमागे ऑइल पंपाच्या केसिंगमध्ये बसवलेलं दुसरं, आणि तिसरं मागे फ्लायव्हीलच्या आड. पहिल्या दोन सीलांतून गळलं की तेल सरळ टायमिंग बेल्टवर. बेल्टच्या रबराला इंजिन ऑइल सोसत नाही, ते फुगतं, मऊ पडतं, दातांच्या मुळाशी चिरा जातात आणि मग एखाद्या दिवशी पाच-सहा दात एकदम सोलून निघतात. म्हणून सील आणि बेल्ट या दोन वेगळ्या गोष्टी समजूच नका. तेल लागलेला बेल्ट पुसून परत चढवणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून काढा. पेट्रोलने धुऊन चढवणारा दिसला तर पळा.

आता माझं काय चुकलं ते सांगतो. माझं म्हणजे माझं आणि त्या गॅरेजचं, नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. दर वेळी तेल पुढून दिसायचं, दर वेळी पुढचं सील बदलायचं. दोन आठवडे कोरडं, मग ओलसर, मग थेंब. पहिल्यांदा वाटलं सील डुप्लिकेट लागलं. दुसऱ्यांदा ओरिजिनल आणलं, मोठ्या दुकानातून, बिल घेऊन. तिसऱ्यांदा मी स्वतः शेजारी उभा राहून बसवून घेतलं. तरीही तेच.

शेवटी डिचोलीकडचे एक म्हातारे मेस्त, म्हणजे मेकॅनिक, भेटले, पूर्वी खाणीच्या ट्रकांची कामं करायचे, २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरामागे शेड टाकून छोट्या गाड्या बघतात. त्यांनी सीलकडे बघितलंही नाही. इंजिन चालू करायला लावलं, तेल भरायचं झाकण काढलं आणि हात वर धरला. मला म्हणाले, "ये, तू हात धर." धरला तर भक्‌ भक्‌ करून गरम वाफ हातावर. मग म्हणाले, "अरे बाबा, हिला श्वास सोडायला जागा नाही, मग ती सीलमधून सोडणार नाही तर काय करणार?"

एवढंच होतं. ब्रीदर होज चोंदलेला.

जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. इंजिन कितीही चांगलं असलं तरी थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, उतरतोच. तो बाहेर जायला टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावरून, एक रबरी नळी (हीच ब्रीदर होज) एअर क्लीनरकडे जाते, काही मॉडेलांना पीसीव्ही व्हॉल्व असतो, त्यातून तो गॅस मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडे, ओढला जातो. ही वाट बंद झाली की आत प्रेशर साठतं. ऑइल सील ही प्रेशर अडवायला केलेलीच नाहीत, त्यांची पातळ ओठासारखी कडा आणि तिच्यामागची बारीक स्प्रिंग हे फक्त उडणारं तेल अडवण्यापुरतं. मागून गॅसने ढकललं की कडा उचलते आणि तेल बाहेर. नवं सील घातलं की कडा ताजी असते म्हणून दोन आठवडे तग धरते, आणि आपल्याला वाटतं काम झालं.

आणि ती नळी का चोंदते तर आमच्यासारख्यांच्या वापरामुळे. घर ते शाळा तीन किलोमीटर, शाळा ते घर तीन किलोमीटर, इंजिन नीट तापायच्या आत बंद. त्यात आपल्याकडची हवा, जून ते सप्टेंबर तर कपाटातले कपडे वाळत नाहीत तिथे इंजिनातला ओलावा कुठून वाळणार. पाण्याची वाफ आणि तेल मिळून झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट पिवळी साय धरते, तुम्ही बघितली असेलच, लोक घाबरतात की हेड गॅस्केट गेलं. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि गाडी तापत नसेल तर बहुतेक वेळा ती नुसती वाफेची साय असते. पण तीच साय नळीत जाऊन बसते आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी आपली लाल धूळ तिच्यावर चिकटते. माझ्या नळीतून जे निघालं ते खरवसासारखं होतं, रंग सोडला तर.

तपासायची घरगुती पद्धत अशी. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, तेलाचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडने बांधा. थोडी थरथरली किंवा आत ओढली गेली तर ठीक. टम्म फुगली तर नळी काढा, दोन्ही बाजूंनी फुंकून बघा, रॉकेल किंवा डिझेलने धुवा, आतून फुगलेली किंवा मऊ पडून चपटी होत असेल तर सरळ नवी टाका, तिला काही फार पैसे पडत नाहीत. पीसीव्ही व्हॉल्व असेल तर काढून हलवा, आतून टिक टिक आवाज आला पाहिजे. सगळं साफ करून परत पिशवी बांधा. अजून फुगतेय? मग रिंगा किंवा बोअर झिजलेत, कॉम्प्रेशन बघून घ्या. तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा, आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व. रिंगा गेलेल्या इंजिनाला कितीही सील घाला, पैसे पाण्यात. चोर्ला घाटाने बेळगावला भांडी घेऊन जाताना तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढणारी गाडी घरी येऊन जास्त गळते ती याचमुळे, चढावर गॅस खाली जास्त उतरतो.

दुसरी गोष्ट, आणि ही मला आधीच कळायला हवी होती: तेल जिथे दिसतं तिथून ते गळत असेलच असं नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली, आडवं झुकलेलं, गाडी चालली की खालून वारा लागतो आणि वरचं तेल मागे आणि खाली पसरतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळालं तरी पुढचं क्रँक सील ओलं दिसतं. मागे डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटतो तो) घराची ओ-रिंग गळाली की तेल बेल हाउसिंगवरून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घरावरून, ओघळतं आणि लोक मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवतात! आमच्या शेजारच्या गावात एकाने हे केलंय, पूर्ण गिअरबॉक्स खाली, क्लच प्लेट नवी, सील नवं, आणि गळती जशीच्या तशी, शेवटी ती ओ-रिंग निघाली, चहाच्या किमतीची. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या पॅकिंगमधूनही तेल झिरपतं, तेही बघा. ऑइल प्रेशरच्या स्विचमधून पण.

म्हणून आधी धुवा. डिझेल आणि ब्रशने पुढची-मागची बाजू चकचकीत करा, (बेल्ट उघडा असेल तर त्याच्यावर डिझेल उडवू नका, नाहीतर धुण्यापायीच नवा बेल्ट जाईल), वाळू द्या आणि मग सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरा. हो, तीच अंगाला लावायची. दहा मिनिटं इंजिन चालवा, मग फर्मागुडीचा चढ एकदा वर-खाली करून या आणि टॉर्च घेऊन बघा, पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते ते मूळ. रात्री खाली पुठ्ठा टाका आणि पुढचं चाक कुठे होतं त्याची खूण करा म्हणजे थेंब कुठल्या भागाचा ते समजतं. वास पण घ्या, लाजू नका. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला जळकट. बेल हाउसिंगच्या सांध्यातून थेंब येत असेल तर हा वासच सांगतो की तो इंजिनाच्या मागच्या सीलचा आहे की गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा.

आणि डिपस्टिक! तेल जास्त भरलेलं असतं कितीदा तरी, मग ते गळणारच. गाडी अंगणात उतारावर उभी, डिपस्टिक कमी दाखवते, म्हणून अर्धा लिटर अजून. या इंजिनात तेल मुळात तीन लिटरच्या आत-बाहेरच बसतं, त्यात अर्धा लिटर म्हणजे कितीतरी झाला. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी बघायचं.

हे सगळं बघून झालं, ब्रीदर मोकळा, मूळ नक्की, आणि तरी सीलच गेलंय असं ठरलं, तर मग कामाला हात घाला. मी आता स्वतः करतो म्हणून सांगतो पण हे रविवारच्या एका दुपारचं काम नाही, पहिल्यांदा करणार असाल तर दोन दिवस धरा आणि चवथीच्या आदल्या आठवड्यात तर अजिबात सुरू करू नका. पार्ट मिळत नाहीत, मेकॅनिक मिळत नाहीत, आणि माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणायला गाडी लागतेच.

सामान आणताना बेल्ट, कॅम सील, पुढचं क्रँक सील, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि त्याची स्प्रिंग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, हे एकदम आणा. टेन्शनरमध्ये लोक काटकसर करतात. बोटाने फिरवून बघा, कोरडा खरखर आवाज आला किंवा फार सैल भिरभिरला तर त्याच्यातलं ग्रीस संपलंय. त्याचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तासाभरात जाळतो. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये, ते जुन्याशी जुळवून घ्या. रबर विचारा. साधं नायट्राइल १०० डिग्रीच्या पुढे फार काळ टिकत नाही, कडक होतं, व्हिटॉन २०० पर्यंत सोसतं. किंमत जास्त, पण तरी सीलची किंमत ती काय, चांगल्या हॉटेलातल्या फिश थाळीच्या आतबाहेर. मजुरी त्याच्या कितीतरी पट, मग सीलवर कंजुषी कशाला. उघड्या पिशवीतलं, धूळ खात पडलेलं सील घेऊ नका. दुकानात वर्षानुवर्षं खिळ्याला टांगलेला बेल्ट पण नको, टांगून टांगून एकाच जागी वाकलेला असतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. सीट उचला. फॅन बेल्ट काढा. मग पुलीचा मधला बोल्ट, तो घट्ट असतो, फारच. टॉप गिअर टाका, हँडब्रेक ओढा, एकाला ब्रेकवर बसवा, चांगल्या सॉकेटला लांब पाईप लावा आणि एकदाच जोर. पुढच्या कव्हरचे बोल्ट काढताना कुठला कुठे तो पुठ्ठ्यावर टोचून ठेवा.

बेल्ट उतरवायच्या आधी, आधी, इंजिन हाताने फिरवून दोन्ही खुणा जुळवा. कॅम पुलीवरची खूण तिच्या समोरच्या खुणेला आणि क्रँकच्या दाती पुलीवरची खूण ऑइल पंपाच्या केसिंगवरच्या बाणाला. खूण पुसट असते म्हणून मी मुलीचं नेलपॉलिश वापरतो, गुलाबी, तेलात टिकतं आणि काळ्या लोखंडावर लांबून दिसतं. फिरवायचं ते पुलीकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, उलटं नाही. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, म्हणून क्रँकची खूण जुळली पण कॅमची खूण उलट्या बाजूला असेल तर घाबरू नका, अजून एक फेरा द्या.

सील काढणं ही खरी कसोटी. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, शाफ्टवर एक ओरखडा पडला की झालं, आयुष्यभर तिथून झिरपणार. सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडा, त्यात छोटा स्क्रू अर्धा आवळा आणि पक्कडीने स्क्रू धरून सील ओढा, दोन बाजूंनी दोन स्क्रू. ड्रिल शाफ्टला लागणार नाही एवढं बघा.

सील निघालं की थांबा. चहा प्या. मग शाफ्टवरून नख फिरवा, सीलची कडा जिथे बसत होती तिथे. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय. सील रबराचं, शाफ्ट पोलादाचा, तरी वर्षानुवर्षांत रबर पोलादाला खाऊन जातं, त्यात धूळ मिसळली की ते पॉलिश पेपरच झालं. आमच्या गाडीत ब्रीदर हे एक कारण होतं आणि ही खाच दुसरं, मेस्तांनी नख फिरवायला लावलं तेव्हा मला कळलं. तिन्ही वेळा गॅरेजने नवं सील त्याच खाचेत बसवलं होतं. खाच बारीक असेल तर नवं सील मिलिमीटरभर कमी खोल बसवता येतं म्हणजे कडा कोऱ्या जागेवर येते, जास्त खोल घालायच्या आधी मात्र मागे तेल परतायची वाट बंद होत नाही ना ते बघा. खाच खोल असेल तर पातळ स्टीलची स्लीव मिळते, ती शाफ्टवर ठोकून बसवतात. मोठ्या बेअरिंगच्या दुकानात विचारा, शाफ्टचा व्यास मोजून सांगावा लागतो. आणि गाडी पावसाळाभर उभी असेल, किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांच्या असतात तशा, तर खाच नाही पण गंजाचे बारीक खड्डे सापडतील, ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून गोल फिरवून घासा, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने घासू नका, त्या रेघा तेलाला बाहेरची वाट दाखवतात.

शाफ्ट वर-खाली हलतोय का तेही बघा. क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून हलवल्यावर टक्‌ असं जाणवलं तर मेन बेअरिंग झिजलेत, मग सील बिचारं काय करणार, शाफ्टच नाचतोय.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघा. कडेला बोटाने इंजिन ऑइल लावा. कोरडं बसवलं की पहिल्या दहा सेकंदात कडा जळते. शाफ्टच्या टोकाला धार असते आणि पुली अडकवायच्या चावीची खाच पण, तिच्यावरून जाताना कडा उलटते किंवा कापते, म्हणून मी टोकाला प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळतो, दुधाच्या पिशवीचा चालतो, त्यावरून सील सरकवतो आणि मग कागद ओढून काढतो. ठोकायला बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा पाईपचा तुकडा, सगळीकडून सारखं, तिरकं गेलं तर काढून नवं घ्या. हातोडीने एका कडेवर ठोकणारे बघितलेत मी, आणि वर सिलिकॉन फासणारे तर किती. सिलिकॉनचा जास्तीचा तुकडा आत पडला की तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि मग सील नाही, इंजिनच उघडावं लागतं.

सगळं उघडलंच आहे तर वॉटर पंपाची पुली हलवून बघा. नंतर परत हेच सगळं उघडायचा कंटाळा येतो.

बेल्ट चढवताना पिरगाळू नका, उलटा दुमडू नका, त्याच्यावर बाण असेल तर दिशा पाळा. जुन्या-नव्याचे दात मोजून बघा. टेन्शनर सैल ठेवून बेल्ट घाला, स्प्रिंगला ताण घेऊ द्या, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, मग टेन्शनरचा बोल्ट आवळा, आणि परत खुणा बघा. परत म्हणजे परत. दोन फेऱ्यांनंतर जुळल्या तरच सेल्फ मारायचा. हाताने फिरवताना कुठे अडकलं तर जोर लावू नका, मागे या आणि शोधा. आमच्या जुन्या ओम्नीचा बेल्ट एकदा बाणस्तारीच्या पुलाजवळ चालू गाडीत तुटला होता, व्हॉल्व वाचले, नवा बेल्ट घातला आणि गाडी चालू झाली. पण त्यावर विसंबून बेल्ट तुटेपर्यंत चालवणारे आहेत, त्यांना एवढंच सांगेन की गाडीत पोरं असतात आणि गाडी कुठे बंद पडेल ते बेल्ट विचारून ठरवत नाही. डिझेल व्हॅनवाल्यांनी तर हा विचारच करू नये, तिथे पिस्टन आणि व्हॉल्व यांच्यात जागाच नसते, बेल्ट तुटला की हेड गेलं. नव्या ईकोवाल्यांची गोष्ट वेगळी, २०२२च्या शेवटी आलेल्या इंजिनाला चेन आहे. मी माझ्यापुरतं ठरवलंय, ५० हजार किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी होईल ते. आणि तेल लागलं की त्याच दिवशी, किलोमीटर न बघता.

चालू केल्यावर गाडी पिकअप घेत नसेल, आयडलला थरथरत असेल, कार्ब्युरेटरमधून फट्‌ करत असेल तर बेल्ट एक दात चुकलाय, ट्यूनिंगच्या नादी न लागता परत उघडा. शिट्टीसारखा बारीक कुंईं आवाज म्हणजे बेल्ट जास्त ताणला, कव्हरवर फट फट आपटतोय म्हणजे सैल. डिस्ट्रिब्युटरवाली गाडी असेल तर शेवटी टायमिंग लाईट लावून इग्निशन बघून घ्या.

मागच्या सीलबद्दल थोडंच सांगतो कारण ते घरी करायचं काम नाही. प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. लक्षण सोपं आहे, अनमोडच्या घाटात इंजिन ओरडतंय पण गाडी चढत नाही आणि जळका वास येतो, क्लच प्लेटला तेल लागलंय. करायचंच तर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील एकदमच करा. पण त्याआधी ती डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, विसरू नका.

आणि ते बाटलीतलं गळती थांबवणारं औषध. मी पण घातलंय, खोटं कशाला बोलू. रबर फुगवून ते काही दिवस थांबवतं, मग रबर एवढं मऊ होतं की आधी थेंब होता तिथे धार लागते. गाडी विकायची असेल तर घालतात लोक. जुनी ओम्नी घेताना इंजिनाखालचा भाग जरा जास्तच कोरडा आणि तेल नवंकोरं दिसलं तर हे डोक्यात ठेवा.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर पत्र्यावर सीटखाली मार्करने लिहून ठेवतो मी, कागद हरवतात. या वेळी लिहिलंय त्याला आता ५,२०० किलोमीटर झाले, एक पूर्ण पावसाळा गेला, दर महिन्याला ब्रीदरची नळी काढून फुंकतो, आणि रविवारी गाडी मुद्दाम बोरीच्या पुलापलीकडे नेऊन चांगली तापवून आणतो, बायकोला वाटतं फिरायला नेतोय. पुढचा पुठ्ठा कोरडा आहे. कालपासून मागच्या बाजूला मात्र एक नवा थेंब दिसतोय, वास घेतला तर गंधकाचा, म्हणजे गिअरबॉक्स, ते आता चवथीनंतर.